सातेरीच्या मधपेटीचे थंडीचे जॅकेट : जानेवारी ते जुलै वापरानंतरचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत, ओवळ्याच्या बाजूला आमच्या काकांची वाडी आहे आणि तिथे सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. त्यांच्यासाठी डिसेंबरअखेर एक तयार संच ऑनलाइन मागवला. संचात तीन वस्तू होत्या : पेटीच्या चारही बाजूंना आणि वर बसणारे थर्माकोलचे जॅकेट, पिलावा कोठीत (अंडी-अळ्या म्हणजे पिलावा, तो वाढतो त्या खालच्या कप्प्यात) उभी सरकवायची लाकडी आडफळी आणि चौकटीच्या (माश्या जिच्यात पोळे बांधतात त्या लाकडी चौकटीच्या) जागी टांगता येणारे खाद्यपात्र. किंमत १,४०० रुपये, म्हणजे एकदोन पेट्यांच्या हौशी माणसाला सोसणारी, पण दहा पेट्या असलेल्याला दोनदा विचार करायला लावणारी. सोबतच्या माहितीपत्रकातील सगळा मजकूर थंड देशांतील मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाश्या आणि तिथे वसंतात अचानक येणारे गारठे यांना धरून लिहिलेला होता. ठाण्यात त्यातले किती लागू पडते हे पाहता यावे म्हणून जॅकेट एकाच पेटीला घातले. आडफळी आणि खाद्यपात्र मात्र दोन्ही पेट्यांत बसवले, त्यांचा दुसरा जोड गावातल्या सुताराकडून करून घेतला.

ठाण्यात कसली आली थंडी, असे अनेकांनी विचारले. थंडी फार नसते हे खरेच. पण फेब्रुवारी २०१२ मध्ये सांताक्रूझचे किमान तापमान ९ अंशांच्या खाली उतरले होते, आणि येऊरच्या डोंगराकडील मोकळ्या जागेत शहरापेक्षा रात्री गार असतात. अडचण पाऱ्यापेक्षा वेळेची आहे. जानेवारीच्या उत्तरार्धात आंब्याला मोहोर येतो, सावर-पांगारा फुलू लागतात, पराग येऊ लागला की राणी अंडी घालण्याचा वेग वाढवते, आणि नेमक्या अशा वेळी उत्तरेकडचे वारे सुटतात. पिलाव्याला ३३ ते ३६ अंश तापमान लागते. कामकरी माश्या पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवून ती ऊब निर्माण करतात आणि त्यासाठीचे इंधन म्हणजे पेटीतला मध. म्हणूनच थंड देशांतही वसंतात वसाहती मरतात त्या बहुधा गारठ्याने नव्हे, तर वाढलेला पिलावा ऊबदार ठेवता ठेवता साठा संपल्यामुळे, म्हणजे उपासमारीने. आमच्याकडे सातेरीचा स्वभाव यात भर घालतो : साठा आटला की ती मरेपर्यंत थांबत नाही, सरळ पेटी सोडून निघून जाते.

त्यामुळे संचातली सर्वांत उपयोगी वस्तू आडफळी ठरली, हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. आमची पिलावा कोठी आठ चौकटींची आहे आणि जानेवारीत माश्या जेमतेम पाच चौकटी झाकत होत्या. उरलेल्या तीन काढून त्या जागी आडफळी सरकवली की माश्यांना तेवढीच जागा सांभाळावी लागते. पोळी पोखरणाऱ्या मेणकीड्याचाही त्रास घटतो, कारण माश्यांचा वावर नसलेली जुनी पोळी हेच त्याचे आवडते घर असते. फळी दोन्ही पेट्यांत होती आणि फेब्रुवारीअखेर दोन्हींत पिलाव्याचा विस्तार जवळपास सारखाच दिसला. जॅकेटवाली पेटी त्यात पुढे गेलेली नव्हती.

उलट जॅकेटचा एक तोटा पहिल्याच आठवड्यात लक्षात आला. उघडी पेटी पूर्वेच्या कोवळ्या उन्हात लवकर तापते आणि तिच्या माश्या कामाला लागतात, तर जॅकेटच्या पेटीत ऊन आत पोहोचायला वेळ लागत असल्याने तिचे दार बराच वेळ सुस्त राहते. दुसरे असे की, ठाण्याच्या दमट हवेत आतील झाकणाच्या खालच्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब साचू लागले. कोरड्या गारठ्यापेक्षा अंगावर ठिबकणारे पाणी माश्यांना अधिक घातक असते. झाकणाची एक कड काडेपेटीतल्या काडीच्या जाडीइतकी उचलून ठेवल्यावर थेंब थांबले. माहितीपत्रकात वायुवीजनाबद्दल अवाक्षर नव्हते.

वाऱ्याच्या दोन रात्रींनंतर उघड्या पेटीच्या दारापुढे काही मेलेल्या अळ्या पडलेल्या दिसल्या, तेव्हा आधी थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणूजन्य रोगाची शंका आली. या विषाणूने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या होत्या, त्यामुळे हा फरक ओळखता येणे आवश्यक आहे. सॅकब्रूडची अळी पोळ्याच्या घरात ताठ पडलेली असते, डोके होडीच्या टोकासारखे वर वळलेले असते आणि चिमट्याने उचलल्यास ती पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अखंड बाहेर येते. आमच्या अळ्या सर्व वयांच्या होत्या, करड्या पडल्या होत्या आणि पोळ्याच्या केवळ खालच्या कडेच्या घरांतल्या होत्या, म्हणजे माश्या आकसून मध्यभागी गेल्यावर उघडा पडलेला पिलावा गारठला होता. मधला भाग निरोगी होता आणि पुढे काही वाढले नाही. ही पाहणी दुपारी, ऊन चढल्यावरच केली. गार वाऱ्यात चौकट बाहेर काढणे म्हणजे तोच अपाय स्वतःच्या हाताने करणे होय.

खाद्यपात्राबद्दल थोडक्यात. साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेला पाक पूर्ण गार झाल्यावर, संध्याकाळी, माश्या घरी परतल्यानंतर भरावा. दिवसा भरल्यास वासाने दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटीला येतात. संचातल्या पात्राच्या आतील बाजू गुळगुळीत असल्याने माश्या घसरून बुडत होत्या, तेव्हा बांबूच्या चिपा तरंगत ठेवल्या. मधकोठी (मध साठवण्याचा वरचा कप्पा) चढवलेली असताना मात्र पाक देऊ नये, नाहीतर काढलेल्या मधात साखरच येईल.

जॅकेटने आपली किंमत वसूल केली ती मात्र एप्रिल-मेमध्ये. बाजूचे थर्माकोल काढून टाकले आणि फक्त वरचा थर्माकोलचा तुकडा छपराच्या पत्र्याखाली ठेवला. तापलेल्या टिनची धग थेट आतील झाकणावर येत असे, ती बरीच कमी झाली. दुपारी दारात पंखांनी वारा घालत बसणाऱ्या माश्यांचा घोळका दुसऱ्या पेटीपेक्षा स्पष्टपणे लहान दिसे. उन्हाळ्यात माश्या पाणी आणून आत पसरतात आणि त्याच्या बाष्पीभवनाने पेटी गार ठेवतात. तो वेळ वाचला म्हणजे तेवढ्या माश्या फुलांवर जायला मोकळ्या राहतात. नवी पोळी उन्हाने मऊ पडून कोसळण्याची धास्तीही राहिली नाही.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर थर्माकोल पूर्णपणे काढावे लागले, कारण त्यात मुंग्यांनी बोगदे केले होते आणि पेटीखाली पांढरा रवाळ चुरा पडू लागला होता. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी होते, तरी वाढलेल्या गवताचे पाते जॅकेटला टेकले की मुंग्यांना पूल मिळतो. विक्रेत्याला कळवले असता बदली थर्माकोल देण्याची तयारी त्याने दाखवली नाही. सध्या, जुलैत, बाहेर मकरंद जवळजवळ नाही; दोन्ही पेट्या पुन्हा पाच चौकटींवर, आडफळीआड आणि पाकावर आहेत, आणि वरच्या थर्माकोलच्या जागी सुताराकडून प्लायची फळी बसवून घेण्याचे ठरले आहे.