हापूस, हापुस, अल्फांसो: चुकीच्या स्पेलिंगवर जाहिरातीचे पैसे लावायचे का?

देवगडच्या एका बागायतदाराने मला त्याच्या वहीचं एक पान दाखवलं. ऑनलाइन विक्रीसाठी लोक काय काय टाइप करत असतील, ते त्याने उतरवून काढलं होतं: हापूस, हापुस, हापुश, अल्फान्सो, अल्फांसो, आलफान्सो. शिवाय इंग्रजीतली रूपं वेगळीच, कुठे 'पीएच'च्या जागी 'एफ', कुठे शेवटचा 'ओ' गळलेला. यातले किती शब्द गूगल अॅड्समध्ये कीवर्ड म्हणून, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसावी म्हणून, टाकायचे, असा त्याचा प्रश्न होता. हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा आणि पैसे मोजके, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

मी असतो तर जाहिरातीच्या खात्यातून नुसत्या स्पेलिंगच्या चुका खोडून टाकल्या असत्या.

पूर्वी अशी यादी कामाची होती. चुकीचा शब्द कुणी घेतलेला नसायचा, म्हणून क्लिक स्वस्तात पडायचा. पण २०१४ पासून गूगल अॅड्समध्ये एक्झॅक्ट आणि फ्रेज मॅचचे, म्हणजे शोध नेमका जुळावा म्हणून लावलेले, कीवर्डही जवळच्या रूपांना आपोआप लागू होतात आणि ते बंद करता येत नाही. 'हापूस आंबा' घेतलात की 'हापुस अंबा' शोधणाऱ्यालाही तुमची जाहिरात दिसू शकते. वेगळ्याने घातलेल्या विचित्र रूपांपैकी बरीचशी 'लो सर्च व्हॉल्यूम' (फारसं कुणी शोधत नाही) असा शेरा मिळून निपचित पडून राहतात. त्यातून जाहिरातीच्या मथळ्यात कीवर्ड आपोआप भरण्याची सोय चालू असेल, तर मथळ्यातच 'हापुश' छापून यायचा. पेटीमागे हजारो रुपये मोजणारं गिऱ्हाईक ते बघून दुसरीकडे जाईल. देवगडच्या नावाखाली परप्रांतातला आंबा खपवला जातो, हे त्याला ठाऊक असतं.

सगळंच मात्र गूगलवर सोडू नका. 'हापूस' आणि 'अल्फान्सो' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते दोन्ही घ्या. 'देवगढ' ही चूक नाही, हिंदी वळणाचं रूप आहे. तेही घ्या, पण 'देवगढ आम' असं जोडूनच. नुसतं घेतलंत तर राजस्थानातलं देवगढ शोधणाराही तुमच्या खर्चाने तुमच्या पानावर येईल.

नको असलेल्या शब्दांचा हिशेब निराळा. कलमं-रोपं शोधणाऱ्यांना आंब्याची जाहिरात दाखवून काय उपयोग? असे शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाकताना आधी त्यांची चुकीची रूपंही एकेक करून टाकावी लागत. जून २०२४ मध्ये गूगलने ती कटकट संपवली. पण एकवचन-अनेकवचन अजूनही वेगवेगळं धरलं जातं, म्हणून 'रोप', 'रोपं', 'रोपे' तिन्ही लिहा.

आता वेबसाइटचं पान. तळाशी किंवा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत चुकीची रूपं पेरण्याचा सल्ला अजून काही जण देतात. तो ऐकू नका. लपवलेला मजकूर गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतो, आणि कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) क्रमवारीसाठी वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. गूगलच्याच म्हणण्याप्रमाणे रोजच्या दहा शोधांपैकी एकात स्पेलिंगची चूक असते, आणि ती सुधारणं हे त्यांचं रोजचं काम आहे. मराठीत तर आणखी एक सोय आहे. 'हापूस'चा पू दीर्घ, पण सामान्यरूप झालं की ऱ्हस्व: हापुसाची पेटी, हापुसाच्या फोडी. शुद्ध लिहूनच 'हापुस' ही अक्षरं पानावर येतात.

अॅमेझॉनवर विकत असाल तरी हेच. तिथे सर्च टर्म्सची, म्हणजे शोधासाठी भरायच्या जादा शब्दांची, जागा बाइटमध्ये मोजतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. नेहमीच्या चुका तिथे भरायची गरज नाही, असं अॅमेझॉनही सांगतं.

वहीतल्या त्या पानाची खरी जागा तुमच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातल्या शोधपेटीत आहे, आणि तिथेच बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा मूळ शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. गूगलवरून पैसे मोजून आणलेल्या माणसाने आत 'अल्फांसो' टाइप केलं आणि तुम्ही सगळीकडे 'अल्फान्सो' लिहिलं असेल, तर कोठारात पेट्या रचलेल्या असूनही त्याला 'काही सापडलं नाही' असं दिसतं. चुका पोटात घेणारं आणि समानार्थी शब्दांची यादी देता येईल असं सर्च प्लगइन (शोधासाठीचं जोड-सॉफ्टवेअर) बसवा आणि वहीतले सगळे शब्द, अगदी 'हापुश'सुद्धा, त्यात भरा. मग फेब्रुवारीतच, पहिली पेटी उतरायच्या आधी, फोनवरून स्वतःच्या दुकानात त्यातला एकेक शब्द टाकून बघा.