ईबर्ड की आयनॅचरलिस्ट? साताऱ्यातून दोन्ही वापरून बघितल्यावर

दोन्ही निसर्गातल्या नोंदी टाकायची ॲप आहेत, दोन्ही फुकट, दोन्हीतली माहिती संशोधनाला जाते, पण काम करायची पद्धत पार वेगळी.

ईबर्ड 2002 चं, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठ वाल्यांचं, आणि फक्त पक्ष्यांसाठी. फोटो नसला तरी चालतं, पण किती वेळ फिरलात, किती अंतर, कोणते पक्षी किती दिसले हे सगळं टाकायचं, आणि सगळं म्हणजे कावळे साळुंक्यापण, कारण काय दिसलं नाही हेही त्यातूनच कळतं ना! मी अजिंक्यताऱ्यावर सकाळी अर्धा तास चालतो तेवढ्यात एक यादी होते. 2023 चा भारतातल्या पक्ष्यांचा जो मोठा रिपोर्ट आला तो अशाच 3 कोटी नोंदींवर उभा आहे, त्यामुळे आपले कावळे वाया जात नाहीत.

आयनॅचरलिस्टला मात्र फुलं, किडे, बेडूक, कोळी काहीही चालतं. फोटो टाका, ॲप नाव सुचवतं, मग माणसं ते तपासतात. कासला सप्टेंबरात गेलात तर हेच बरं, सीतेची आसवं ही फुलं समोर असताना पक्षी कोण मोजणार? फक्त ॲपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून घेऊ नका, मी एकदा घेतलं आणि दोघांनी येऊन दुरुस्त केलं. धोक्यातल्या प्रजातींचं अचूक ठिकाण ते आपोआप लपवतं, हे मला फार आवडलं.

रोज फिरायला जात असाल तर ईबर्ड. कॅमेरा घेऊन भटकणाऱ्यांनी दुसरं घ्या. माझ्या फोनमध्ये दोन्ही आहेत, बॅटरी बिचारी रडते.