घरी बनवलेला संप: नऊ महिन्यांचा अनुभव आणि एक बुजलेलं भोक

परवा रात्री वीज गेली आणि सकाळी माझ्या समुद्री अ‍ॅक्वेरियमच्या टाकीखालच्या कपाटातून खारं पाणी जमिनीवर आलेलं दिसलं. नऊ महिने या संपाचं (मुख्य टाकीखालची, पंप-हीटर ठेवायची दुसरी टाकी) मी भेटेल त्याला कौतुक सांगत आलोय, म्हणून हेही सांगायलाच हवं.

संप म्हणजे माझी जुनी गोड्या पाण्याची टाकी, ६० बाय ३० बाय ३६ सेंटीमीटर. पैसे वाचवायला बॅफल, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या आडभिंती, म्हणून घरात पडलेले अ‍ॅक्रिलिकचे तुकडे लावले. ते अंगाशी आलं. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. तिसऱ्या महिन्यात एक बॅफल सुटला, पातळी चढली आणि स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कप ओसंडला. मग काच कापून आणली, चिकटवली, आठवडाभर सुकू दिली. त्यानंतर तक्रार नाही. सिलिकॉन मात्र पहिल्यापासून बुरशीनाशक नसलेलंच घेतलं होतं.

आता मुख्य गोष्ट. पंप बंद पडला की रिटर्न पाइप, म्हणजे पाणी संपातून वरच्या टाकीत नेणारा पाइप, उलटा सायफन होतो आणि वरचं पाणी खाली ओढतो. तो तोडायला पाण्याच्या पातळीलगत पाइपला भोक पाडलं होतं, शिवाय चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. रिटर्न पाइपचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली आठ सेंटीमीटर. वरची टाकी ९० बाय ४५, म्हणजे एका सेंटीमीटरला चार लिटर, एकूण ३२ लिटर खाली येणार. संपात रिकामी जागा जेमतेम २९ लिटरची! हा हिशोब मी भोकाच्या भरवशावर सोडून दिला होता. भोक गुलाबी कोरलाइन शेवाळाने पार बुजलेलं निघालं. व्हॉल्व्ह उघडला, तर झडपेवर बारीक किड्यांच्या चुनखडी नळ्यांचा थर. ती बसतच नव्हती. याच व्हॉल्व्हची मी आधी शिफारस करायचो. ती आता मागे घेतो.

संप काढून टाकणार का? मुळीच नाही. हीटर, स्किमर सगळं नजरेआड गेलं. बाष्पीभवनाची घट फक्त शेवटच्या कप्प्यात दिसते. मार्करच्या रेघेपर्यंत आरओचं गोडं पाणी घातलं की घनता १.०२६ वर टिकते.

रिटर्न पाइपचं तोंड वर घेऊन पाण्याखाली दोनच सेंटीमीटर ठेवलंय. भोकं आता दोन, दर रविवारी टूथपिकने साफ करतो. काल दोन्ही भोकं बोटांनी दाबून धरली आणि प्लग काढायला लावला. पाणी संपाच्या काठाखाली दहा सेंटीमीटरवर थांबलं.