पितळी कड्यांचा झोपाळा: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

झोपाळा घ्यायचा तर आधी छत बघा, पाट नंतर. दुकानात आपण कड्यांवरचे मोर-हत्ती आणि सागवानाची चकाकी बघतो. पण झोपाळ्याचं खरं सुख त्याच्या संथपणात असतं, आणि तो संथपणा कड्यांच्या लांबीतून येतो. बसणाऱ्याच्या वजनाचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नाही. हुकापासून पाटापर्यंत ८ फूट अंतर असेल तर एक झोका जाऊन यायला साधारण ३.१ सेकंद लागतात. स्टँडवरच्या टोपलीवजा खुर्चीत हेच अंतर जेमतेम ३-४ फूट असतं, म्हणून ती दोन सेकंदांतच परत येते. ती मजेची आहे, पण तिच्यात जीव निवत नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दुपारच्या झोपेवर प्रयोग केला होता. त्यात बिछाना चार सेकंदांना एक झोका या गतीने हलवला, तेव्हा माणसं लवकर झोपी गेली. चार सेकंदांसाठी १३ फुटांची कडी लागेल, म्हणजे जुन्या वाड्याचा दिवाणखानाच हवा. फ्लॅटमध्ये छताची उंची देईल तेवढी लांबी पूर्ण वापरा, शोभेसाठी ती कमी करू नका.

दुसरा निर्णय हुकांचा. चार हूक लावून कड्या समांतर सोडल्या तर पाट पुढे-मागे जाताना आडवाच राहतो. कडेवर बसलं तरी कलत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर हीच रचना घ्या. दोन्ही बाजूंच्या कड्या वर एकेका हुकात मिळाल्या तर पाट झोक्याबरोबर कलतो. आडवं पडायला हे जास्त सुखाचं, आणि गंमत म्हणजे पाटावर ठेवलेला चहा यातच कमी हिंदकळतो, कारण कपातला चहा आणि पाट एकाच कोनात झुकतात. मात्र पुढच्या काठावर टेकलं की पाट लगेच तिरपा होतो.

आता वजन. दोन मोठी माणसं, पाट आणि कड्या मिळून १८०-१९० किलो सहज होतात. ३० अंशांच्या झोक्यात तळाशी ताण आणखी पावपट वाढतो, आणि कुणी धपकन बसलं तर त्याहूनही जास्त. शिवाय भार चारही हुकांवर सारखा कधीच येत नाही. म्हणून प्रत्येक हूक निदान २५० किलो पेलणारा हवा. तुळई असेल तर हूक तिथेच घ्या. स्लॅब बहुधा साडेचार-पाच इंचांचा असतो, त्यात साधा फास्टनर ठोकून भागत नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) बसवा आणि सळई न कापता भोक पाडून घ्या. फॉल्स सीलिंगला तर काहीच टांगू नये. वरती गच्ची असेल तर आरपार बोल्ट आणि वर लोखंडी प्लेट हा सर्वात पक्का उपाय, पण त्या भोकाचं वॉटरप्रूफिंग राहिलं तर पहिल्याच पावसात छत पाझरेल.

पाट जमिनीपासून १७-१८ इंचांवर असावा, गादीसकट. पाय टेकले नाहीत तर हलका रेटा देता येत नाही आणि उतरताना तोल जातो. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे ठेवा. पाट झोक्यात वळायला लागला तर एखादी कडी काही मिलिमीटर लांब आहे असं समजा. पाटावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून बघितलं की कोणती बाजू उतरली आहे ते कळतं.

कुरकुर हा या वस्तूचा मोठा दोष. धातूवर धातू घासतो, आणि तो आवाज स्लॅबमधून वरच्या घरातही जातो. खोबरेल तेलाने दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसून काळा चिकटा होतो. हुकात नायलॉनचं बुश (घासणाऱ्या धातूंमध्ये बसणारी छोटी नळी) किंवा बेअरिंग आणि वर थोडं ग्रीस, यानेच आवाज थांबतो. पावसाळ्यात पितळ काळवंडतं. चिंचेच्या कोळाने किंवा पितांबरीने घासा, पण लगेच धुऊन कोरडं करा, नाहीतर सांध्यांत हिरवा थर धरतो. समुद्राजवळच्या घरात आम्ही स्टीलच्याच कड्या सुचवू.

आणि वापर? घरात आजारपण असतं, नोकरीची टांगती तलवार असते, फोनवर बातम्या थांबत नाहीत. झोपाळा यातलं काही सोडवत नाही. पण हलत्या पाटावर बारीक अक्षरं वाचली की अनेकांना मळमळतं, त्यामुळे फोन आपसूक खाली ठेवला जातो. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं ही कामं मात्र झोक्यावर छान होतात. संध्याकाळी अर्धा तास, पायाच्या अंगठ्याने दिलेला एवढासा रेटा पुरतो. जोराचा झोका मुलांसाठी सोडा, मोठ्यांना त्याने उलट दमायला होतं.

चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी झोपाळा घेऊ नये. रांगतं मूल असेल तर वापर झाल्यावर पाट भिंतीला बांधून ठेवा, कारण मागून आलेलं मूल बसलेल्याला दिसत नाही. दर तीन महिन्यांनी स्टुलावर चढून हूक आणि वरची पहिली कडी बघा. पितळ मऊ असतं, झीज तिथेच आधी दिसते. खाच पडली असेल तर ती कडी बदला, पॉलिश करून झाकू नका.