जुन्या टॉवरमध्ये जीटीएक्स १६५०, आणि तो बुशवरचा फॅन

"डिस्प्ले येतोय, कार्ड ओके." एवढा शेरा मारून कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं माझं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १६५०, परत पाठवलं. कोल्हापुरात त्यांचं सेंटर नाही, म्हणून कुरिअरचा खर्च माझा. सेकंडहँड असलं तरी मूळ बिल होतं, वॉरंटी शिल्लक होती. तक्रार स्पष्ट लिहिली होती: फॅन घरघरतो, कधी कधी चालू करताना फिरतच नाही, गेम सुरू केला की थोड्याच वेळात कार्ड ८४ अंशांवर जातं आणि सेकंदाला ६० असलेले फ्रेम ३५ पर्यंत पडतात. फोनवर उत्तर मिळालं, "सर, आवाज हा फॉल्टमध्ये येत नाही." डिस्प्ले येतोय म्हणून कार्ड ठीक, हे म्हणजे इंजिन सुरू होतंय म्हणून रेडिएटर फुटलेली गाडी ठीक म्हणण्यासारखं आहे. गेल्या उन्हाळ्यात बसवलेल्या या कार्डाचा अनुभव म्हणूनच सविस्तर लिहितोय.

मशिन तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल तसंच. ऑफिसातून निघालेला ब्रँडेड टॉवर कॉम्प्युटर, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि दळण दळल्यासारखी चालणारी हार्ड डिस्क. पुतण्याला गेम खेळायचे होते आणि मला पंधरा हजारांच्या आत भागवायचं होतं. राजारामपुरीतला दुकानदार प्रामाणिक निघाला. त्यानं आधी झाकण उघडून एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बघितला आणि म्हणाला, "भावा, सहा पिनवालं कार्ड घेऊ नको. तुझ्या सप्लायला ती वायरच नाही, आणि बोर्डाचा प्लगही आठ पिनचा हाय, बाजारातला सप्लाय सरळ बसायचा नाही." मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, तेवढ्यावर चालणारंच कार्ड हवं. म्हणून सहा पिन नसलेलं जीटीएक्स १६५०, जुनं, ६,५०० रुपयांना. सोबत ४८० जीबीची साटा एसएसडी २,४०० ला आणि ८ जीबीची जुनी रॅम ८०० ला. एकूण ९,७००.

एसएसडीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, ती घ्याच. रॅमची दुसरी पट्टी मात्र लोक टाळतात. एका पट्टीवर डीडीआर३-१६०० ला सेकंदाला १२.८ जीबीची वाट मिळते, दोन जोडल्या की २५.६. जीटीए फाइव्हमध्ये शहरातून वेगानं गाडी नेताना जो झटका बसायचा, तो कार्डानं नाही, या आठशे रुपयांच्या पट्टीनं गेला.

सुरुवातीचा महिनाभर माझं मत होतं की १६५० कमी पडतं. नंतर मोजायला लागलो तेव्हा दिसलं की कार्ड ७० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १०० वर आहे. चार कोर, चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. कार्डाला काम पुरवतानाच त्याचा दम निघतो. फ्रेमला ६० ची मर्यादा घातली आणि खेळ एकदम गुळगुळीत झाला. आता माझं मत असं आहे की चौथ्या पिढीच्या आय५ वर यापेक्षा मोठं कार्ड घालणं म्हणजे पैसे पाण्यात. ४ जीबी मेमरीमुळे नव्या गेममध्ये टेक्श्चर, म्हणजे चित्रातले बारकावे, खाली ठेवावे लागतात, ते चालतं.

पण पावसाळा लागला आणि फॅन बोलायला लागला.

मी उद्यमनगरात मशिनशॉपमध्ये काम करतो. बेअरिंग गेल्याचा आवाज मला लांबूनही ओळखू येतो. पाते हाताने हलवून बघितलं, शाफ्टला सरळ सरळ प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलेला. स्टिकर सोलला तर आत साधा बुश, म्हणजे गोळ्यांचं बेअरिंग नाही, नुसती नळी. तेलाच्या चार थेंबांवर चालणारा बुश, आणि तो कसा बसवलाय? टॉवरमध्ये कार्ड आडवं असतं, फॅनचं तोंड खाली. म्हणजे शाफ्ट उभा आणि अख्खं चाक उलटं लटकलेलं. बुशला शाफ्ट आडवा लागतो. असा उभा लटकवला की तेल एका टोकाला उतरतं आणि झीज लवकर होते. त्यात आमच्या भागात ग्राइंडिंगची बारीक काळी धूळ, त्यात जुलै-ऑगस्टची ओल. त्या दोन्हींचं मिळून कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत चिखलासारखं काहीतरी बसलं होतं. कार्डाच्या खोक्यावर मेमरी किती, क्लॉक स्पीड किती, सगळं छापलेलं असतं. फॅन बॉल बेअरिंगचा की बुशचा, हे मात्र माझ्या खोक्यावर कुठेच नव्हतं. मी आता जुनं कार्ड कुणी दाखवलं तर फ्रेम विचारत नाही, आधी फॅन बोटानं फिरवून बघतो.

वॉरंटीचा उपयोग संपलाच होता, म्हणून मीच उघडलं. व्हर्नियरनं फॅनचा व्यास आणि तीन स्क्रूच्या भोकांमधलं अंतर घेतलं, कनेक्टर चार पिनचा आहे हे पाहिलं, आणि त्या मापाचा डबल बॉल बेअरिंगचा फॅन ऑनलाइन ४८० रुपयांना मागवला. हीटसिंक ब्रशनं साफ केली, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा रिकामा पिंजराही काढून टाकला. समोरून येणारी हवा तोच अडवत होता.

त्याच खोलीत, तोच गेम, आता ६८ अंश. रात्री पुतण्या खेळत असला तरी शेजारच्या खोलीत आवाज येत नाही. ४८० रुपयांत हे झालं याचा मला मनापासून आनंद आहे, आणि कंपनीला हे जमलं नाही याचा राग अजून गेलेला नाही.

एक मोठं मत मात्र बदलावं लागलं. उन्हाळ्यात मी सगळ्यांना सांगत होतो की हे मशिन अजून चार वर्षं ओढेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच प्रोसेसर आहेत. वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तोवर ठीक. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागतो, त्यामुळे जुगाड करून ११ टाकलं तरी पुतण्याचा तो गेम जाईल. बँकेचं काम मी आताच मोबाईलवर नेलंय. ज्यांच्याकडे तिसऱ्या पिढीचा टॉवर आहे त्यांनी तर कार्डावर पैसे घालूच नयेत. त्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच कळत नाही, काही नवे गेम त्यावर सुरूच होत नाहीत.

पुतण्या म्हणतोय, "काका, आय७-४७७० टाकूया की." सॉकेट तोच आहे, ८४ वॅटही तेवढेच, थ्रेड मात्र आठ. शाहूपुरीत एकाकडे आहे, ३,५०० सांगतोय. २,५०० च्या वर मी देणार नाही.