दिल्लीतली युद्धस्मारकं: कुठं किती वेळ द्यावा, कुणाचं नाव कुठं शोधावं

इंडिया गेटवर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या मराठा शिपायाचं नाव शोधायला जाऊ नका. ते तिथं नाही. महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्या, विशेषतः सातारा, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरीच्या फौजी घरांतल्या बहुतेक पर्यटकांचा हिरमोड इथंच होतो. पणजोबा 'पहिल्या लढाईत' गेले एवढं घरात ठाऊक असतं आणि इंडिया गेट पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे हे शाळेत शिकलेलं असतं. त्यामुळे नाव तिथंच असणार असं सगळे धरून चालतात.

माथ्यावरचा मजकूर नीट वाचला की घोळ मिटतो. फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, इराण, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली इथं पडलेल्यांना तिथं मानवंदना आहे. पण ज्यांची नावं भिंतीवर कोरली आहेत ते मुख्यतः हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर आणि 1919च्या तिसऱ्या अफगाण युद्धात मेलेले. ही नावं 13 हजारांवर आहेत. 'इंडिया गेटवर सत्तर हजार नावं' असं गाईड सांगतात. तो आकडा मानवंदनेतल्या एकूण सैनिकांचा आहे, कोरलेल्या नावांचा नाही.

मग मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यातले आपले लोक कुठं? पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन 29 एप्रिल 1916 रोजी कूतला शरण गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर ज्यांना थडगं लाभलं नाही, त्यांचं स्मारक इराकमध्ये बसऱ्याला आहे. तिथंही साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणवार नुसती संख्या कोरली होती. फ्रान्समधल्या लढाईतले बेपत्ता लोक न्यू शापेलच्या स्मारकावर आहेत. दुसऱ्या महायुद्धाचीही तीच गत. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत 10 जुलै 1944 रोजी पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यांचं नाव आहे इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर.

म्हणून तिकीट काढण्याआधी घरी बसून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर शोध घ्या. तो फुकट आहे. नुसतं आडनाव टाकून काही हाती लागत नाही, कारण तेव्हाच्या कारकुनांनी ऐकू येईल तसं लिहिलं आहे. एकच जाधव तीन-चार तऱ्हांच्या इंग्रजी स्पेलिंगनं सापडतो, आणि कित्येक नोंदींत आडनावच नसतं, नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव असतं. पलटणीचं नाव आणि मृत्यूचं वर्ष टाका, यादी येऊ द्या आणि मग गावावरून ओळखा. गाव, तालुका, जिल्हा पुष्कळ ठिकाणी दिलेला आहे. रायगडकरांनी 'कुलाबा' शोधावं, जिल्ह्याचं नाव 1981पर्यंत तेच होतं. नोंद सापडली की स्मारकाचं नाव आणि फलकाचा क्रमांक त्याच पानावर मिळतो, तो लिहून घ्या.

इंडिया गेटवर नाव निघालंच, तर छोटी दुर्बीण किंवा चांगल्या झूमचा कॅमेरा न्या. अक्षरं उंच आहेत आणि कमानीभोवती साखळ्या असल्यानं अगदी भिंतीपाशी जाता येत नाही. सकाळी लवकर तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी पिवळट दगडात मिसळून जातात. संध्याकाळी रोषणाई छान असते, पण वाचायला तिचा उपयोग नाही. त्या वेळी तिथं आइस्क्रीम, फुगे आणि सेल्फीची जत्रा असते. कमानीखाली अमर जवान ज्योत शोधत जुने लोक अजूनही घुटमळतात. 26 जानेवारी 1972पासून तेवणारी ती ज्योत 21 जानेवारी 2022 रोजी पलीकडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत मिसळली.

हे राष्ट्रीय युद्धस्मारक इंडिया गेटच्या लगेच मागं आहे, आणि खरा वेळ द्यायचा तो इथं. किमान अडीच तास. 25 फेब्रुवारी 2019 रोजी ते खुलं झालं, प्रवेशाला पैसे नाहीत. वेळ साधारण सकाळी 9 ते संध्याकाळी साडेसहा, उन्हाळी महिन्यांत साडेसात. निघण्याआधी संकेतस्थळावर एकदा बघावं. मेट्रोनं यायचं तर सुप्रीम कोर्ट स्थानक (आधीचं प्रगती मैदान), खान मार्केट किंवा सेंट्रल सेक्रेटरिएट, पण कुठूनही दीडेक-दोन किलोमीटर चाल आहेच. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर स्थानकावरून रिक्षा करा. षटकोनी चौकाचा रस्ता पायी ओलांडायचं धाडस करू नका, भुयारी मार्ग आहेत.

रचना चार वर्तुळांची: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. मधोमध साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि ज्योत. लोक सरळ स्तंभापाशी जातात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. आमचा सल्ला, आधी वीरता चक्र बघा. हे झाकलेलं दालन आहे, त्यामुळे उन्हातही बरं. इथं गाजलेल्या लढाया-मोहिमांची काशाची सहा भित्तिशिल्पं आहेत: तिथवाल, रेझांग ला, लोंगेवाला, गंगासागर, ऑपरेशन मेघदूत आणि कराचीवरचा नौदलाचा हल्ला म्हणजे ऑपरेशन ट्रायडेंट. तिथवाल 1948चं, रेझांग ला 1962चं, मेघदूत 1984चं सियाचेन, उरलेली तिन्ही 1971ची. एवढं डोक्यात ठेवून गेलात तर मुलांना सांगता येतं. 1965चं एकही शिल्प नाही, हे आम्हाला खटकतं.

त्याग चक्रात दगडी भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावं आहेत. उद्घाटनावेळी 25,942 होती, त्यात भर पडत असते. 1947-48चं काश्मीर, 1961चं गोवा, चीन, पाकिस्तानशी झालेली युद्धं, श्रीलंका, सियाचेन, कारगिल, सगळी मोहीमवार माणसं इथं आहेत. चालत चालत नाव सापडेल ही आशा सोडा. आवारात डिजिटल पॅनेल आहेत, त्यांवर नाव शोधलं की भिंतीवरची जागा कळते. स्मारकाच्या संकेतस्थळावरही हा शोध घेता येतो, तो आदल्या रात्रीच उरकून घ्यावा. सैनिक क्रमांक असेल तर उत्तम. मराठा पलटणीत एकाच नावाचे अनेक शिंदे-पवार निघतात, तेव्हा पलटण आणि वर्ष जुळल्याशिवाय फूल वाहू नका.

ठरलेली गैरसमजूत आणखी एक. बाजूच्या परमयोद्धा स्थळात परमवीरचक्राच्या 21 मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. ते सगळे हुतात्मे नव्हेत, 14 जणांना ते मरणोत्तर मिळालं. नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढणारे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकडीचे, रामा राघोबा राणे 1994पर्यंत हयात होते. त्यामुळे त्यांचा पुतळा आहे, पण त्याग चक्रात त्यांचं नाव शोधून उपयोग नाही. पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे दोघं इथं आहेत: मुंबईत जन्मलेले अर्देशीर तारापोर, 1965चे, आणि पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल, 1971चे. मुलांना घेऊन आलेल्यांनी भिंतींपेक्षा इथं जास्त रेंगाळावं, कारण प्रत्येक पुतळ्यापाशी त्या माणसानं काय केलं ते लिहिलं आहे.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या आसपास रिट्रीटचा, म्हणजे दिवसअखेरीच्या लष्करी मानवंदनेचा, कार्यक्रम होतो आणि रोज एका हुतात्म्याच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. बघण्यासारखं हेच. अर्धा-पाऊण तास आधी जागा धरा. मागून माना उंचावून काही दिसत नाही, आणि गर्दीतले मोबाइल हात वर करून उभे असतात. एप्रिल ते जून दुपारी 12 ते 4 इथं येऊ नका, उघड्या फरशीवर सावली जवळजवळ नाही. जानेवारीचा उत्तरार्धही टाळा: प्रजासत्ताक दिनाच्या तालमींसाठी रस्ते बंद होतात, आणि 29 तारखेच्या बीटिंग रिट्रीटपर्यंत हा भाग कधी खुला, कधी बंद असतो.

तीन मूर्ती चौकाला दहा मिनिटं पुरेत. हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळाचे हे तीन पुतळे 1922चे. 23 सप्टेंबर 1918 रोजी आजच्या इस्रायलमधलं हैफा घेणाऱ्या ब्रिगेडची ही आठवण, म्हणून 2018पासून चौकाच्या नावाला हैफा जोडलं आहे. रहदारीच्या मधोमध असल्यानं गाडीतूनच बघणारे जास्त. लगतचं पंतप्रधान संग्रहालय बघणार असाल तर जाता-जाता उरकावं, मुद्दाम जाऊ नये.

याउलट, मुद्दाम वाट वाकडी करावी अशी जागा म्हणजे दिल्ली छावणीतली ब्रार स्क्वेअरची युद्ध दफनभूमी. धौला कुआं मेट्रोवरून रिक्षा करा, 'वॉर सिमेट्री' म्हणा, नाहीतर चालक शेजारच्या स्मशानात नेऊन सोडतो. उत्तर हिंदुस्थानातल्या विखुरलेल्या कबरी एकत्र आणून 1951मध्ये ही केली. हिरवळ, सारख्या उंचीचे दगड, आणि गर्दी जवळजवळ शून्य. पण मराठी माणसानं जायचं ते कबरींसाठी नव्हे, नोंदवहीसाठी. दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष रणक्षेत्राबाहेर, म्हणजे इस्पितळात, छावणीत, प्रवासात मेलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या 25 हजारांहून अधिक सैनिकांची यादी इथं आहे. त्यातले बहुतेक दहन झालेले, म्हणून कबर नाही. अशीच यादी कराचीलाही आहे, कारण फाळणीनंतर दोन्हीकडच्या घरांना ती हवी होती. दिल्लीतल्या स्मारकांत आमची पहिली पसंती हीच.

1857साठी उत्तरेकडे जावं लागतं. सकाळी कश्मिरी गेट मेट्रोपासून सुरुवात करा. 14 सप्टेंबर 1857 रोजी इंग्रजांनी उडवलेल्या त्या दरवाज्यावर तोफगोळ्यांच्या खुणा आजही आहेत. जवळच निकोल्सन दफनभूमी, मग रिक्षानं हिंदुराव इस्पितळाजवळचं अजितगढ. लाल दगडाचा हा गॉथिक मनोरा इंग्रजांनी 1863मध्ये आपल्या फौजेसाठी बांधला. तक्त्यांवर पलटणवार मेलेले, जखमी, बेपत्ता, आणि गोरे-काळे वेगळ्या रकान्यांत. मूळ मजकुरातला 'शत्रू' म्हणजे आपले लोक होते, हे सांगणारा फलक 1972मध्ये लावला. दोन्ही फलक शेजारी ठेवून वाचण्यातच इथली गंमत आहे. नुसता मनोरा बघून परतलात तर तासभर वाया गेला समजा. मनोरा ज्या टेकडीवर आहे त्या रिजवर माकडं फार, हातात खाणं ठेवू नका. अंधार पडायच्या आत खाली उतरा.

आणि मराठ्यांचं स्वतःचं? 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या परिसरात जनरल लेकनं शिंद्यांच्या फौजेला हरवलं आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. पानिपताला दरवर्षी गाड्या भरून लोक जातात, या लढाईचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. तिचा स्मारकस्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात आहे. स्तंभ विजेत्यांनी उभारलेला, त्यामुळे मजकूरही त्यांच्याच बाजूचा: मराठी फौज, तिचा फ्रेंच सेनापती लुई बुर्किं आणि तिचा पराभव. आवार क्लबचं आहे, थेट फाटकावर गेलात तर परत फिरवतील. आधी क्लबच्या कार्यालयाशी बोलून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा आणि खेळ चालू नसेल अशी वेळ मागून घ्या. मेट्रोचं स्थानकही 'गोल्फ कोर्स' याच नावाचं, ब्लू लाइनवर. परवानगी नाही मिळाली तर बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे होकार आल्याशिवाय नोएडाची फेरी धरू नका.