अ‍ॅऑर्टिक व्हॉल्वचं ऑपरेशन: पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलचा अनुभव

आमचे हे ५८ वर्षांचे, कराडजवळ उसाची शेती. चढ चढताना छाती भरून यायची. एकदा मोटार चालू करायला गेले आणि विहिरीपाशीच चक्कर येऊन पडले. टू-डी इकोमध्ये निघालं की अ‍ॅऑर्टिक व्हॉल्वला, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या झडपेला, जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्या आहेत आणि त्यावर कॅल्शियम साचून तोंड जेमतेम ०.७ चौरस सेंटीमीटर उरलंय. एरवी ते ३ ते ४ असतं. गोळ्यांनी ही झडप मोकळी होत नाही, बदलावीच लागते, हे कराडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

या हॉस्पिटलला मी सगळ्यात जास्त मार्क देईन ते ऑपरेशनआधीच्या बैठकीचे. सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघं एकत्र बसले आणि दोन झडपा ह्यांच्या हातात दिल्या. एक कार्बनची, टकटक वाजणारी. ती बहुतेक जन्मभर टिकते, पण रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी रोज घ्यायची आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला आयएनआर तपासत राहायचं. दुसरी गोवंशाच्या हृदयावरच्या पातळ आवरणापासून केलेली, मऊ. ती साधारण १० ते १५ वर्षांनी झिजते. ती कशाची आहे हे डॉक्टरांनी आपणहून सांगितलं, घरी विचारून घ्या म्हणाले. सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "जीव वाचतोय ना, मग देवाला चालतंय."

सर्जननी मग कोयत्याचं काम किती असतं, हात कितीदा कापतो, रक्त तपासायची लॅब घरापासून किती लांब, हे सगळं विचारलं. रक्त पातळ करणारी गोळी आणि ऊसतोड यांचा मेळ बसणार नाही, हे ह्यांना तिथंच पटलं. पुतण्याने टाव्हीचं विचारलं, म्हणजे मांडीच्या रक्तवाहिनीतून, छाती न उघडता झडप बसवायची. फ्रान्समध्ये २००२ साली ती पहिल्यांदा झाली. डॉक्टर म्हणाले, या वयात आणि दोन पाकळ्यांच्या झडपेला आत्ता ऑपरेशनच बरं. पण झडप जमेल तेवढ्या मोठ्या मापाची बसवू, म्हणजे पुढं ती झिजली तर टाव्हीने तिच्याच आत दुसरी बसवायला जागा राहील. इतका पुढचा विचार आमच्यासाठी कुणी केला, याचं मला फार समाधान आहे.

ऑपरेशन नीट झालं, आयसीयूतल्या सिस्टर जिवाला जीव देणाऱ्या. फिजिओच्या मॅडमनी खोकताना छातीशी उशी घट्ट धरायला शिकवलं आणि तीन चेंडूंचं ते श्वास आत ओढायचं यंत्र रोज समोर उभं राहून करून घेतलं.

बिलाचं मात्र चुकलं. पॅकेजचा आकडा सांगताना झडपेची किंमत त्यात धरलेली नाही, हे काउंटरवर कुणी बोललं नाही. शेवटच्या दिवशी धावपळ करून पैसे उभे केले. तुम्ही जाणार असाल तर झडप पॅकेजमध्ये आहे की वेगळी, आणि आपलं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का, हे आधीच लेखी घ्या.

डिस्चार्जचा कागद सगळा इंग्रजीत होता. दाताचं काम करायच्या आधी अँटिबायोटिक घ्यायचं, नाहीतर नव्या झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो, ही एवढी मोठी गोष्ट त्यात बारीक अक्षरात. फिजिओच्या मॅडमनी सांगितली म्हणून कळली. तो कागद मराठीत द्यावा, एवढी माझी हॉस्पिटलला विनंती आहे.